पाटीखालचा माणूस

मुंबईच्या बाजारपेठेत ‘दुकाने व आस्थापना अधिनियम’ असे लांबलचक नाव कोणी घेत नाही. व्यापारी, हिशेबनीस, परवान्यांची कामे करून देणारा दलाल, सारे एकच शब्द वापरतात : ‘गुमास्ता’. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, दुसऱ्याच्या दुकानात राबणारा नोकर. कायदा दुकानांचा असला तरी लोकांनी त्याला नाव दिले ते नोकराचे. कारण तो कोणासाठी झाला आहे हे त्यांना नेमके उमगले होते. आज त्या कायद्यात दुकान शिल्लक आहे, नोंदणीचा कागद शिल्लक आहे. गुमास्ता मात्र बहुतांशी कायद्याबाहेर गेला आहे. तो कसा गेला, आणि कोणत्या युक्तिवादाने त्याला बाहेर काढण्यात आले, याचा हिशेब मांडणे प्राप्त आहे.

मुंबई प्रांतात या विषयावरचा पहिला कायदा १९३९ साली झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. या कायद्याचे मर्म असे की, दुकानात नोकर किती, हा प्रश्न तो विचारीत नसे. जेथे कायदा लागू होता तेथे दुकानात एकच नोकर असला, तरी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, मधली विश्रांती आणि आठवड्याची सुटी हे त्याचे हक्क होते. अंमलबजावणी ढिली होती, तपासनिसांची हप्तेबाजी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण हक्क कागदावर होता, आणि कागदावरच्या हक्कासाठी निदान भांडता येते.

२०१७ साली राज्याने हा कायदा रद्द करून नवा केला. तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. त्याखालील मालकाने व्यवसाय सुरू केल्याची सूचना तेवढी द्यावयाची. बाकी सारे त्याच्या मर्जीवर. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दहाचा आकडा वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय घेतला. पाठोपाठ वटहुकूम निघाला. एक, दहा, वीस! सत्तर वर्षे जी रेघ एका माणसापाशी होती, ती आठ वर्षांत दोन उड्या मारून विसाव्या माणसापाशी गेली.

याचा अर्थ काय, हे एका साध्या भागाकाराने कळते. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३.१३ कोटी माणसे मोजली गेली. म्हणजे सरासरीने एका आस्थापनेत मालकासह सव्वादोन माणसे. ज्या देशातल्या आस्थापनेची सरासरी सव्वादोन आहे, तेथे विसाची अट घालणे म्हणजे कायदा करणे नव्हे. कायद्याला सुटी देणे होय. किराणा, कापड, औषधे, भांडी, उपाहारगृहे, झेरॉक्स, मोबाईल-दुरुस्ती, ज्या ज्या ठिकाणी आपली तरुण मुले-मुली पहिली नोकरी धरतात, ती जवळजवळ सारी या रेघेच्या अलीकडे आहेत.

सरकारची बाजू अशी मांडली जाते की, छोट्या दुकानदारापर्यंत कायदा नेणे अव्यवहार्य आहे. त्याला कशाला त्रास द्यावयाचा? हा कळवळा खरा आहे काय? मार्च २०२२ मध्ये याच विधिमंडळाने याच कायद्यात दुरुस्ती केली, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी पाटीला आमचा विरोध नाही. महाराष्ट्रात मराठी ठळक दिसलीच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. पाटीसाठी कायद्याला एका माणसाच्या दुकानात शिरता येते, तर त्या पाटीखाली दिवसभर उभ्या असलेल्या माणसासाठी का येऊ नये? पाटीवरच्या अक्षरांची उंची पाहणारा अधिकारी दोन पावले पुढे जाऊन ‘तुझी सुटी कोणत्या वारी?’ एवढे विचारू शकत नाही? तेव्हा अडचण व्यवहाराची नाही. अडचण इच्छेची आहे.

कामगारांच्या इतिहासाची थोडीशी उजळणी केली म्हणजे ही उलटी चाल किती गंभीर आहे हे ध्यानात येईल. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर माणसांच्या कारखान्यांपुरता होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने शंभराचा आकडा पन्नासावर आला, १९२२ मध्ये वीसवर, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने, जेथे यंत्रशक्ती वापरली जाते तेथे, दहावर. परक्या सरकारलाही हा आकडा खाली आणावा लागला, कारण खालून रेटा होता. आता तोच आकडा स्वकीयांच्या राज्यात वर चढतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय श्रम-संहितांनी कारखान्याची व्याख्या पुन्हा वीसवर नेली आहे. कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट १९७६ साली तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आणली. नव्या संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेऊन ठेवली. केंद्राने आणि राज्याने मिळून घड्याळाचे काटे मागे फिरवले आहेत, ते असे.

छोट्या दुकानदाराविषयी आमच्या मनात आकस नाही. भाडे, विजेचे बिल, मोठ्या मॉलची आणि घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांची स्पर्धा यांनी तो पिचला आहे. त्याला चार नोंदवह्यांऐवजी एक वही पुरे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दुजोरा देऊ. परंतु वही वेगळी आणि हक्क वेगळा. वह्यांचे ओझे हलके करावयाचे म्हणून नोकराची सुटीच काढून घेणे, हा कोणता न्याय? आणि सवलत खरोखर छोट्यालाच मिळते काय? एकोणीस माणसे पटावर ठेवून विसावा माणूस ठेकेदाराच्या नावावर दाखविणे, एकाच पेढीच्या दोन भावांच्या नावे दोन आस्थापना करणे, या युक्त्या मोठ्यालाच जमतात. विसाची रेघ छोट्यांना वाचवीत नाही. मोठ्यांना छोटे दिसायला शिकवते.

किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही, याकडे कोणी बोट दाखवील. ते खरे आहे. पण ज्याच्या नावे हजेरीपट नाही, ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याने तास किती भरले हे सिद्ध कोणी करावयाचे? तासांची मर्यादा आणि नोंद यांवाचून वेतनाचा दर म्हणजे गजावाचून मोजलेले कापड.

शहरातल्या कोणत्याही कापडबाजारात सणाच्या दिवसांत जाऊन पाहावे. सकाळी दहाला आलेली मुलगी रात्री नऊनंतरही गिऱ्हाइकापुढे साड्यांचे ढीग उलगडीत उभी असते. गिऱ्हाईक गादीवर बसते. ती बसत नाही. बसण्याचा हक्क हादेखील मागावा लागणारा हक्क आहे, हे केरळातील विक्रेत्या स्त्रियांनी देशाला दाखवून दिले. त्यांच्या लढ्यामुळे २०१८ साली त्या राज्याने आपल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ साली तामिळनाडूने तेच केले. तिकडे नोकराला बसावयास स्टूल देण्याची चर्चा झाली. इकडे त्याला उभे राहण्यासाठी आणखी एक तास दिला गेला.

विखुरलेल्या कामगारांसाठी कायदा करता येत नाही, असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. १९६९ चा माथाडी कायदा याच राज्याचा आहे. ज्या हमालाला एक मालक नाही, एक गोदाम नाही, त्याच्यासाठी मालक, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ उभारले गेले. मालकाने मजुरीसोबत ठराविक आकारणी मंडळाकडे भरावयाची, आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पगारी सुटी मंडळाने द्यावयाची. एका मालकाकडे माणसे किती, हा प्रश्नच त्यात गौण ठरला. १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे जमले, ते गल्ल्यामागे उभ्या असणाऱ्यासाठी का जमू नये?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दहाची आणि विसाची रेघ पुसून टाकावी. कागदपत्रे कमी करावीत. परंतु कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा दुप्पट मोबदला आणि बसण्याची सोय हे चार हक्क एका नोकराच्या दुकानातही लागू करावेत. आणि छोट्या आस्थापनांतील नोकरांसाठी माथाडीच्या धर्तीवर जिल्हावार मंडळे स्थापन करावीत.

हे आपोआप होणार नाही. लोखंड्यांना रविवार कोणी दानात दिला नव्हता. दुकानांतला नोकर एकेकटा आहे, भित्रा आहे, उद्याच्या रोजगाराच्या चिंतेत आहे. कामगार संघटनांनी त्याला ‘असंघटित’ असे नाव देऊन आपली जबाबदारी संपली असे मानले, हाही आपल्या चळवळीचा दोष आहे. बाजारपेठेच्या प्रत्येक गल्लीत पाट्या आता मराठी झाल्या आहेत. त्या पाटीखालच्या माणसाचे नाव कायद्यात पुन्हा लिहून घेणे, हे आपले काम आहे.