आमची २४ जुलै कधी?

दर जुलैत १९९१चे गोडवे गाणाऱ्या अर्थतज्ज्ञ मंडळींस,



२४ जुलै आली की तुमचे लेख येतात. त्या दिवशी मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, त्याच दिवशी १८ उद्योग वगळता बाकीच्यांचं परवाना राज गेलं, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणारा देश मोकळा झाला. सगळं खरं. सोनं गहाण पडलं होतं, दुसरा मार्गही नव्हता. त्या दिवसाशी माझं भांडण नाही. तुम्ही 'देश मोकळा झाला' लिहिता आणि त्यात आम्हालाही धरता, ते झोंबतं.

चांदवड तालुक्यात मी कांदा पिकवतो. सिमेंट महागलं की तुम्ही मागणी-पुरवठा शिकवता; कांदा महागला की दिल्लीला घाम फुटतो. मग कधी निर्यातशुल्क, कधी किमान निर्यात मूल्य, कधी थेट बंदी. साठ्याची मर्यादा म्हणे व्यापाऱ्यावर असते. अहो, माल ठेवायलाच बंदी, तर तो लिलावात बोली चढवेल कशाला? मरतो तो ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला.

२०१९च्या निर्यातबंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत गमतीने म्हणाल्या होत्या, की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आता स्वयंपाक्यालाही कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय. लोक हसले. आधी आम्हालाही कुणी कळवलं नव्हतं.

आणि २०२०चा सप्टेंबर? १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद. १५ला लोकसभेत जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर, कांद्याला नियंत्रणातून सोडवणारी! तुमच्यातल्या कित्येकांनी त्याला शेतीचं १९९१ म्हटलं. भाव दुप्पट झाले की नियंत्रण परत, ही वाट त्या दुरुस्तीतच ठेवलेली होती. २३ ऑक्टोबरला ती वापरलीही: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. पुढच्या वर्षी त्या दुरुस्तीसह तिन्ही कृषी कायदेच मागे गेले आणि शिक्का बसला आमच्यावर, की शेतकऱ्यालाच बाजार नको.

हे मात्र सहन होत नाही. १९९३मध्ये 'बॉम्बे क्लब'चे उद्योगपती परदेशी स्पर्धेपासून संरक्षण मागत होते, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी खुल्या व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाचं स्वागत करत होते. त्यांच्या सभांना आम्ही भाकरी बांधून जायचो. बाजाराला भ्यायलेले कोण होते, हे तुम्ही लिहीत नाही.

८ डिसेंबर २०२३ची बंदी ३१ मार्चपर्यंत होती. लाल कांदा बाजारात उतरत होता, चांदवडला लोकांनी महामार्ग अडवला. मार्च सरला, बंदी राहिली. ४ मेला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पुरतं गेलं एप्रिल २०२५मध्ये. उद्या पुन्हा लागणार नाही असं कोण लिहून देतो?

येत्या जुलैत लेख लिहाल तेव्हा 'देश मोकळा झाला'च्या पुढे 'शेतकरी वगळून' एवढे दोन शब्द घाला. आणि आम्हाला दिलेल्या अनुदानाचा हिशेब मांडाल, तेव्हा बंदीच्या महिन्यांत आमचं किती बुडालं त्याचाही रकाना धरा.

आपला,
एक कांदा उत्पादक,
ता. चांदवड, जि. नाशिक