चेंडू बाहेर आला का?

नव्या इमारतीत लोक आधी टाइल्स पाहतात, मग लिफ्ट. मी ड्रेनेजबद्दल विचारतो. मैलावाहिनी बुजवण्याआधीची एक चाचणी मला फार आवडते: पाइपाच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान, गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडायचा. आत सिमेंटचा गोळा राहिला असेल तर चेंडू तिथेच अडतो. नसेल तर घरंगळत खालच्या चेंबरात येतो. चहापाणी न मागणारा निरीक्षकच म्हणा ना! नळाचं दुखणं वेगळं; तिथे पाणी कागदावर अडतं. मुंबईत भोगवटा प्रमाणपत्राविना राहणारी कुटुंबं कमी नाहीत. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणून त्यांनाही जोडणीची वाट मोकळी केली. बरंच केलं. बिल्डर मात्र तोवर पुढच्या प्लॉटवर नारळ फोडत असतो.