पावलं मोजून वजन आवरत नाही

‘वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. कंपनीने पगार वेळेवर द्यावा, ताटात डोकावू नये.’ चेन्नईत नोकरी करणाऱ्यांकडून हे वरचेवर ऐकू येतं. त्याला अमेरिकेतला दाखलाही मिळतो. २०१९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात एका मोठ्या दुकान-साखळीच्या १६० शाखांपैकी २० शाखांत आरोग्य कार्यक्रम राबवला होता. दीड वर्षानंतर लोक व्यायाम करतो म्हणून जास्त सांगू लागले, पण वजनात लक्षणीय फरक पडला नाही. मग कशाला हा खटाटोप?

अभ्यास मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. त्या कार्यक्रमाचा भर आहार, व्यायाम आणि ताणतणाव यांच्या धड्यांवर होता. धडे संपले की माणूस त्याच खुर्चीत, त्याच पाळीवर परततो.

आणि खासगी उरलंय काय? जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या आयटी कंपनीतला तरुण अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्र जागतो. त्याने कधी जेवावं, कधी झोपावं हे पाळी ठरवते. त्याच्या कँटीनच्या ताटात आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक-भात. भाताचे तीन ढीग आणि कोपऱ्यात चमचाभर पोरियल, म्हणजे कोरडी भाजी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तामिळनाडूतल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. एवढ्या सगळ्यांचा मनोनिग्रह एकाच वेळी ढासळला, असं मानायचं का?

माझा खरा राग कंपन्यांच्या ‘रोज दहा हजार पावलं’ या सरसकट फर्मानावर आहे. चेन्नईतल्या टी. नगरच्या साडीच्या दुकानातली विक्रेती दिवसभर उभी असते. तिला बसता यावं म्हणून तामिळनाडूला २०२१ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तिला आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या अभियंत्याला एकच उपाय सांगणं हा अन्याय आहे. तिला स्टूल हवं आणि वेळेवर जेवायची सुट्टी हवी. त्याला दर तासाला उठायची मुभा. ‘वजन घटवा’ स्पर्धेत चारचौघांत काट्यावर उभं करणं तर सरळ अपमान आहे.

योग्य रीतीने केलं तर गुण येतो, आणि पुरावा चेन्नईतलाच आहे. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, जास्त वजनाच्या ५७८ जणांचा अभ्यास केला. इथल्या जेवणाखाण्याला धरून गटवर्ग घेतले, गरज पडली तिथे मेटफॉर्मिन हे औषध दिलं. तीन वर्षांत मधुमेहाचा धोका ३२ टक्क्यांनी घटला. हे काम पुढे देशातल्या ११ वेगवेगळ्या कामाच्या ठिकाणी नेलं गेलं.

म्हणून कार्यक्रम हवाच, पण त्याची सुरुवात माणसाच्या पोटापासून नको, कँटीनच्या पातेल्यापासून हवी. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४६मध्ये अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद होती, आणि त्या कँटीनच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही. तुमच्याकडे कामगारांचे प्रतिनिधी असलेली कँटीन समिती आहे का, विचारा. असेल तर पुढच्या बैठकीत एवढाच ठराव मांडा: आधी पोरियल आणि कूटू (डाळ घातलेली भाजी) पोटभर वाढा, भात त्यानंतर.