वाळवंटातली रांग

अ‍ॅरिझोनात एमएस करणाऱ्या कुठल्याही मित्राचं इन्स्टा उघडा. लाँग वीकेंड झाला की अँटिलोप कॅन्यनचा फोटो येणारच. लाटांसारख्या केशरी भिंती आणि वरून उतरलेला उजेडाचा सरळ झोत. फोटो भारी असतो, प्रश्नच नाही. फक्त तो आपण आधी शंभरदा पाहिलेला असतो.

फ्रेमच्या बाहेर काय असतं? रांग! ही घळ पेज या गावाजवळ, नावाहो आदिवासींच्या जमिनीवर आहे. गाईडशिवाय आत सोडत नाहीत. कुठे उभं राहायचं, फोनचं कुठलं सेटिंग लावायचं हे गाईडच सांगतो. पूर्वी झोत उठून दिसावा म्हणून मूठभर वाळूही तोच उडवायचा. फोटो आपला, म्हणायला. युटामधल्या मेसा आर्चला सूर्योदयाच्या वेळी ट्रायपॉडला ट्रायपॉड लागलेले असतात. 'द वेव्ह'ला तर दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांनाच परवानगी, तीही लॉटरीने.

या गर्दीवर फोटोग्राफी वर्कशॉप्सचा मोठा धंदा चालतो. चार-पाच दिवस, गाडी, हॉटेल आणि सोबत एखादा नावाजलेला फोटोग्राफर. वर्कशॉप वाईट असं मी म्हणत नाही. रात्रीचं आकाश टिपायला कुणी शेजारी बसून शिकवलं तर पटकन जमतं, आणि वाळवंटात एकट्याने भटकणं हे काही शहाणपणाचं लक्षण नाही. पण बऱ्याचदा फी शिकण्याची नसते, तयार फ्रेमची असते. पीटर लिक या फोटोग्राफरने २०१४ मध्ये याच घळीतला 'फँटम' हा फोटो ६५ लाख डॉलरला विकल्याचं जाहीर केलं होतं. (घेणाऱ्याचं नाव मात्र गुपित.) असे आकडे ऐकल्यावर तीच फ्रेम आपल्याकडेही हवी असं वाटणारच ना!

गंमत म्हणजे अप्पर अँटिलोपच्या नावाहो नावाचा अर्थ 'खडकांतून पाणी वाहतं ती जागा' असा आहे. आपण तिथे उजेड शोधतो, त्यांनी नाव ठेवलं पाण्यावरून. १२ ऑगस्ट १९९७ ला पाऊस पडला तो कित्येक मैल दूर, पण लोंढा लोअर अँटिलोपमध्ये घुसला आणि ११ पर्यटक वाहून गेले. भिंतींवरच्या ज्या लाटांवर आपण लाइक मारतो, त्या अशाच लोंढ्यांनी कोरल्यात. वर्कशॉपवाल्याने हे सांगितलंच नाही, तर आपण वाळवंटाचा फोटो काढला की वॉलपेपरची कॉपी केली?

अँसल अ‍ॅडम्सचा 'मूनराइज, हर्नांडेझ' आठवा. १९४१ ची नोव्हेंबरमधली संध्याकाळ, न्यू मेक्सिकोतला रस्ता, एका साध्याशा गावावर उगवलेला चंद्र आणि स्मशानातल्या क्रुसांवर शेवटचं ऊन. त्याला ऐनवेळी लाइट मीटर सापडेना. पण चंद्राचा उजेड किती असतो हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने एक्स्पोजर ठरवलं. दुसरा शॉट घ्यायच्या आत ऊन गेलंसुद्धा. त्या जागेवर तेव्हा रांग नव्हती, 'इथे उभे राहा' सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून पोर्टफोलिओसाठी अशा ट्रिपचे पैसे साठवत असाल, तर भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा: चार दिवसांतली एखादी तरी सकाळ अशी आहे का, जेव्हा कुठे उभं राहायचं हे तुम्ही आम्हाला सांगणार नाही?