जुन्या गाडीला गरम आरसा: चैन की गरज?

साईड मिररला हीटर बसवायचा, असं नुसतं म्हटलं तरी हॉस्टेलमध्ये हशा पिकतो. पुण्यात काय बर्फ पडतो का? आणि तेसुद्धा पंधरा वर्षं जुन्या गाडीला? असली थेरं स्वीडनमध्ये, कॅनडात. आपल्याकडे आरसा ओला झाला की हात बाहेर काढायचा आणि बोटाने पुसायचा, विषय संपला!

मित्रांनो, विषय इतक्यात संपत नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडून पाहिलं आणि माझं मत असं झालंय की जुन्या गाडीला गरम आरसा ही चैन नाही. मात्र तो कुठे उपयोगी पडतो, कुठे नाही, आणि तो कुणी व कसा बसवायचा, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी गरज बघू. कसबा पेठ डोळ्यांसमोर आणा. ही पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. मोटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी इथले बोळ ठरून गेलेले. तांबट आळी किंवा कुंभारवाड्याच्या बाजूला गाडी घातली की दोन्हीकडे जेमतेम हातभर जागा उरते, आणि त्या हातभर जागेतूनही डावीकडून एखादी स्कूटर पुढे जातेच. जुन्या वाड्यांना पार्किंग हा प्रकारच नव्हता, त्यामुळे गाडी रात्रभर आभाळाखाली. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठेला स्टेशन मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण ज्याला पहाटे पाच वाजता आजारी आईला दवाखान्यात न्यायचंय तो गाडीच काढणार.

आता हिवाळ्यातल्या त्या पहाटेचं फिजिक्स बघा. आकाश निरभ्र असलं की काच आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. म्हणूनच गॅलरीखाली लावलेल्या गाडीचा आरसा कोरडा असतो आणि उघड्यावरच्या गाडीचा पांढरा. पुसला तर ओरखड्यांसारखे पट्टे उठतात आणि पाच मिनिटांत पुन्हा धुरकट. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा खंडाळ्याच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हाही तीच गत. आणि बर्फाचंच म्हणाल तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच की.

आता गणित. आरशाची काच साधारण १५० चौरस सेंटिमीटर, जाडी २ मिलिमीटर धरू. वजन झालं ७५ ग्रॅम. ती एक अंश तापवायला सुमारे ६३ ज्यूल लागतात. मागे १२ वॅटची पट्टी चिकटवली, तर काच पाच अंशांनी तापायला अर्धा मिनिटही लागत नाही. वाऱ्याने उडून जाणारी उष्णता धरून एक मिनिट म्हणा. हवेपेक्षा पाच अंश गरम काचेवर नवीन दव बसत नाही. जे आधीच बसलंय ते उडवायला मात्र वेळ लागतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० ज्यूल, म्हणजे १२ वॅटने तीन-साडेतीन मिनिटं. धुक्याचा पातळ थर याहून हलका असतो, तो मिनिटा-दोन मिनिटांत जातो. जुलैतल्या धो-धो पावसात मात्र एक थेंब वाळेपर्यंत दहा नवे येतात. तिथे हीटर हरतो हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. विकणारा हे सांगत नाही, म्हणून इंजिनिअरने सांगायचं.

दुसरी एक गोष्टही विकणारा सांगत नाही. आरसा आपण दाराच्या काचेतून बघतो. दाराची काच आतून धुरकटलेली असेल तर बाहेरचा आरसा कितीही लख्ख असून उपयोग शून्य. ब्लोअर धड चालत नसेल तर आधी तो दुरुस्त करा.

करंट किती खातो? दोन आरशांचे मिळून २४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला २ अँपिअर. हॅलोजन हेडलाईटचा एकच बल्ब ५५ ते ६० वॅट घेतो. त्यामुळे इंजिन चालू असताना जुन्या अल्टरनेटरलाही हे ओझं नाही. पण छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. बटण रात्रभर चालू राहिलं तर सकाळी धक्का मारायला हॉस्टेलची मुलं बोलवावी लागतील. म्हणून कनेक्शन इग्निशनवरूनच घ्यायचं आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर लावायचा. ५५५ आयसी वापरून टायमर आपण सेकंड इयरच्या लॅबमध्ये केलाय. जर्नलमध्ये सही घेतली आणि विसरून गेलो, एवढंच!

पट्टीत काय असतं, तर रेझिस्टन्स. १२ व्होल्टवर १२ वॅट हवेत म्हणजे १२ ओहम. ०.२ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली तर एवढ्या रेझिस्टन्ससाठी सुमारे २२ मीटर लागेल, आणि तेवढ्याच जाडीची नायक्रोमची तार ३४ सेंटिमीटर पुरेल. तांबं वीज वाहून न्यायला आणि नायक्रोम तापायला. तांबट आळीत पिढ्यान्पिढ्या मठारकाम करणाऱ्या माणसाला धातूचा स्वभाव हातोडीच्या आवाजावरून कळतो. आपल्याला तो टेबलमध्ये बघावा लागतो. निदान टेबल तरी बघूया.

जोडणी करताना जुन्या गाडीची खरी अडचण येते ती दारात. साध्या, हाताने फिरवायच्या आरशापर्यंत वायर गेलेलीच नसते. ती डॅशबोर्डमधून दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून न्यावी लागते आणि दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतकी सैल ठेवावी लागते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात वायर सोलते. बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले, जोडांना क्रिंप आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह. दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळायची ही आपली राष्ट्रीय पद्धत इथे चालणार नाही. आरशाचं घर पावसात ओलं होणारच आहे. काच काढताना फुटली तर बहिर्वक्र काचेच्या जागी बहिर्वक्रच बसवा. सपाट बसवली तर दिसणारा रस्ता निम्म्याने कमी होतो.

कायद्याचं काय, असं कुणीतरी विचारेलच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं ते आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलल्या तर. काचेमागची पट्टी आरसीवर नसते. पण निष्काळजी वायरिंगमुळे आग लागली तर विम्यावरून वाद घालायची वेळ येऊ शकते, हे लक्षात ठेवायचं.

"एवढं करण्यापेक्षा नवी गाडी घ्या ना!" हा सल्ला देणारे खूप भेटतात. माझा खरा आक्षेप इथे आहे. आपल्याकडे सुरक्षितता ही वरच्या मॉडेलची शोभा समजली जाते. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. मारुती ८०० चं उत्पादन १९८३ ते २०१४ इतकं चाललं, आणि तिच्या स्वस्त मॉडेलला डावा आरसासुद्धा नसायचा! आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांहून जुनी आहे. ती चालवणारा माणूस हौस म्हणून जुनी गाडी वापरत नाहीये. पंधरा वर्षांनी री-पासिंगचे पैसे भरून, टायर, क्लच करत तो ती टिकवतोय. त्याच्या डावीकडून जाणाऱ्या स्कूटरवाल्याचा जीव मात्र नव्या गाडीशेजारच्या स्कूटरवाल्याइतकाच मोलाचा आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ब्रेक आणि टायर. मग वायपरचं रबर. मग डावा आरसा नसेल तर तो. मग ब्लोअर. आणि हे सगळं झाल्यावर गरम आरसा. वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळणारे जुने ट्रक ड्रायव्हर आपण खेडवळ म्हणून हसण्यावारी नेतो. पण पाण्याचा थेंब न ठरता पातळ पसरला तर समोरचं दिसतं, हे त्यांनी अनुभवाने शोधलं होतं. प्रश्न ओळखायचा आणि हाताशी असेल त्यातून उत्तर काढायचं, यालाच इंजिनिअरिंग म्हणतात ना?

आणि आपण काय करतो? फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणतो, व्हायवाच्या आदल्या रात्री त्यातली वायर कुठे जाते ते पाठ करतो. बाहेर पार्किंगमध्ये मात्र आपल्याच लॅब असिस्टंटची, आपल्याच सरांची जुनी गाडी सकाळी पांढऱ्या आरशांनी उभी असते.

माझी सूचना साधी आहे. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांनी मिळून येत्या हिवाळ्यात स्टाफपैकी जे तयार असतील त्यांच्या एका गाडीला हे करून बघावं. उजवा आरसा गरम, डावा तसाच. रोज सकाळी साडेसहाला दोन्ही किती वेळात स्वच्छ होतात ते घड्याळ लावून लिहावं. करंट मोजावा, काचेचं तापमान मोजावं. तीस दिवसांचे आकडे झाले की माझं वरचं गणित बरोबर की चूक ते कळेलच. वर्कशॉप आहे, मल्टिमीटर आहे, जुन्या बाजारात रविवारी जुने आरसे मिळतात. साडेसहाला उठणारी मुलं तेवढी शोधावी लागतील. हॉस्टेलमध्ये हाच सगळ्यात अवघड पार्ट आहे!