संगणक घेण्यापूर्वी

आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्ये, त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. या कर्जाचा दाखला देत आपल्यातील काही मित्र हप्त्याने महागडा संगणक घेऊ पाहतात. मला हे पटत नाही. फाळक्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे.

रॉ चित्रण म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली, फारसे संस्कार न झालेली माहिती. ती अवाढव्य असते, म्हणून साधा संगणक अडखळतो. परंतु तिच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, काढल्या तर संकलन साध्या संगणकावरही होते. दा विंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती तर फुकट मिळते.

खरी ताकद लागते ती शेवटी, मूळ चित्रणावर रंगसंस्कार करताना. तेथे चांगले ग्राफिक्स कार्ड, बत्तीस जीबी मेमरी, वेगवान एसएसडी आणि मुख्य म्हणजे खरे रंग दाखविणारा पडदा हवा. पडदाच खोटा असेल, तर लाखाचे यंत्रही काय कामाचे?

हे काम वर्षातून चार-दोन दिवसांचे. त्यासाठी घरटी कर्ज कशाला? महाविद्यालयाने असा एकच संगणक घ्यावा व पाळीपाळीने सर्वांना द्यावा. आमच्यासारख्यांच्या घरी हप्त्याचा भरवसा कांद्याच्या भावावर असतो; आणि तो भाव आमची हौस पाहून वाढत नाही.