पाकिटातले पीठ, ईदची खताई

रमजान महिन्याचे तीन भाग मानले जातात, दहा-दहा दिवसांचे. प्रत्येक भागाला अशरा म्हणतात. तिसरा अशरा लागला की मुस्लिम मोहल्ल्यांतल्या बेकऱ्यांपुढे पूर्वी गर्दी होऊ लागे. तरावीहची नमाज आटोपून लोक घरून परात, तूप, पिठी साखर आणि मैदा घेऊन येत. काही घरांतून नानखटाईचे पीठ मळूनच यायचे. बेकरीवाला पत्र्याचे ट्रे द्यायचा, किलोमागे भाजणावळ घ्यायचा आणि भट्टीच्या तोंडाशी आपला नंबर येईपर्यंत पोरे फुटपाथवर पेंगायची. आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून कडेला चिठ्ठी खोचलेली असायची. हे चित्र केवळ ईदचे नव्हते. दिवाळीच्या आधी कितीतरी मराठी घरांतून हाच डबा, हेच तूप याच भट्टीकडे जात असे. लाडू-चकली घरात आणि नानकटाई बेकरीत, ही वाटणी दोन्हीकडे सारखीच होती.

या पदार्थाचे नाव फारसीतून आले. नान म्हणजे रोटी आणि खताई म्हणजे खता देशाची, चीनकडची, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. आपल्याकडे मात्र त्याचे नाते सांगितले जाते ते सुरतेशी. तिथे डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या होत्या. डच गेले, भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे राहिली आणि तिथे ही खुसखुशीत बिस्किटे घडत गेली, असे सांगतात. ईद आणि भट्टीचे नाते तर त्याहून दूरवर पसरलेले आहे. इजिप्तमध्ये ईदच्या आधी घरोघरी कहक नावाची बिस्किटे करतात, आणि तिथेही ट्रे डोक्यावर घेऊन मोहल्ल्यातल्या भट्टीवर जायची जुनी रीत होती. इंडोनेशियात ईदच्या बरण्यांतली अननसाच्या मुरंब्याची आणि चीजची बिस्किटे डच स्वयंपाकघरातून आलेली. थोडक्यात, ईदच्या बिस्किटांची ‘अस्सल परंपरा’ नेहमीच कुणाकडून तरी उसनी घेतलेली आहे. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण पुढे विषय आहे केक मिक्सच्या पाकिटाचा.

उरण तालुक्यातले मोरा बंदर. समोर खाडीपलीकडे मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर. उरण, भवरा, मोरा या पट्ट्यातल्या दुकानांत आता मैद्याच्या शेजारी केक मिक्सची पाकिटे मांडलेली असतात, आणि रमजानमध्ये ती खजूर, रुहअफजा, शेवया आणि कस्टर्ड पावडरीच्या रांगेत येऊन बसतात. केक तर होतोच, पण अलीकडे त्याच पिठाच्या कुकीज करण्याची टूम निघाली आहे. दहा-बारा कुकीज, अर्ध्या तासात. घरातल्या ज्येष्ठांना हे रुचत नाही. ‘पाकिटातल्या पिठाला कसली बरकत?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, फक्त तो विचारणाऱ्याने परातीत तूप फेसलेले आहे का, एवढे आधी बघावे. बहुतेक वेळा फेसलेले नसते.

मोऱ्याच्या बाबतीत यात समुद्रही येतो. हिजरी महिने चंद्राचे, आणि भरती-ओहोटीही चंद्राचीच. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बारा-एकच्या आसपास असते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहा-सातला. हे दिवस उधाणाचे, त्यामुळे ओहोटीही खोल जाते. मोरा बंदरात गाळ साचलेला. पाणी फार उतरले की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही काळ थांबवाव्या लागतात. आता हिशेब मांडा. रमजानचा चंद्र अमावास्येनंतर दिसतो, म्हणजे पहिले दोन-तीन रोजे, मधले चौदावा-पंधरावा-सोळावा आणि ईदच्या तोंडावरचे शेवटचे दोन-तीन, या दिवसांत खोल ओहोटी नेमकी इफ्तारच्या वेळी येऊन उभी राहते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चात येतो आहे, सूर्यास्त पावणेसातच्या आगेमागे. कोळी बांधवांना हे गणित सांगावे लागत नाही. लाँचने नोकरीला जाणाऱ्या बाईलाही लागत नाही. त्या दिवसांत ती एकतर लवकर निघण्याची परवानगी मागते, नाहीतर पर्समधल्या खजुराने वाटेतच रोजा सोडते. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते आहे, त्यामुळे दुसरी वाट झाली हे खरे. पण दक्षिण मुंबईतून नेरुळमार्गे फिरून यायचे तर तो वेळही संध्याकाळमधूनच कापला जातो.

अशी बाई घरी पोहोचते तेव्हा भजी तळायची असतात, फळे चिरायची असतात, मुलांपैकी कुणाचा पहिला रोजा असतो आणि ईद चार दिवसांवर आलेली असते. दोन किलो तूप-मैदा फेसायला तिने मध्यरात्री बसावे की सहेरीला उठल्यावर, हे बरकतीचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा सांगून टाकावे.

पाकिटाविषयीची अपराधी भावना काही आपलीच नाही. केक मिक्सचा जन्म अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. पी. डफ अँड सन्स ही काकवीचा व्यापार करणारी कंपनी. तिने काकवी वाळवून पिठात मिसळली, आणि १९३३ मध्ये तिला या मिश्रणाचे पेटंट मिळाले. त्यात अंड्याची पूडही होती, नुसते पाणी घालायचे. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, कंपनीने दुसरे पेटंट घेतले आणि त्यात अंडे गृहिणीनेच ताजे घालावे असे सुचवले, कारण बायकांना तेच आवडते. पुढे १९५० च्या दशकातल्या मानसशास्त्रज्ञांनी अंड्यामुळे बाईची अपराधी भावना कमी होते असा शोध लावल्याची गोष्ट जगभर सांगितली जाते. अंडे तर वीस वर्षे आधीच पाकिटाबाहेर आले होते! तरी त्या गोष्टीच्या लोकप्रियतेतून एक कळते. बाईचे श्रम वाचले की कुणाला तरी चुकल्यासारखे वाटते, आणि ते कुणाला हे बहुधा गुलदस्त्यात राहते.

आता प्रत्यक्ष कृती. केक मिक्समध्ये मैदा, साखर, फुगवणारी पावडर आणि वास हे सगळे आधीच असते. त्यात भरपूर पाणी पडले की केक होतो. पाणी काढून घेतले आणि स्निग्धता वाढवली की तेच पीठ कुकीचे होते, एवढेच त्यातले रहस्य. दीड कप मिक्सला एक अंडे आणि पाव कप तेल किंवा वितळवलेले तूप पुरते, त्यात साधारण बारा ते पंधरा कुकीज निघतात. आपल्याकडची बरीच पाकिटे अंड्याशिवाय करायची असतात. तिथे अंड्याऐवजी दूध घ्यावे, पण चमच्याचमच्याने. दोन-तीन चमच्यांत पीठ गोळा होते. साखर वरून घालू नये. खताईच्या वाटेने जायचे असेल तर तेलाऐवजी तूपच घ्यावे, दोन चमचे बेसन आणि वेलचीची पूड मिसळावी, वर पिस्त्याचा तुकडा दाबावा. लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करून लांब लांब ठेवावेत, कारण ते पसरतात. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवलेला हवा, आणि वेळ नऊ ते अकरा मिनिटे. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग दाबून पाहता मऊ लागला तरी बाहेर काढाव्यात. निवताना त्या आपोआप घट्ट होतात. मऊ लागतात म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवल्या की दगड होतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचे पातेले आहेच. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटे तापवायचे, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे. कुकर घेतला तर रिंग आणि शिटी काढलेली हवी. मिठागरांच्या उरणात भट्टीला मीठ कमी पडण्याची चिंता नाही, आणि तेच मीठ पुन्हा पुन्हा वापरता येते.

बाराच का, असेही कुणी विचारेल. एक कारण हवेचे. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत बिस्कीट चार दिवसांत सादळते. दुसरे कारण इफ्तारच्या दस्तरखानाचे. दिवसभर उपाशी पोटी डोळे मोठे होतात, पदार्थ दहा होतात आणि तरावीहनंतर अर्धे झाकून ठेवावे लागतात. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, इस्लामला मान्य नाही हे इफ्तारच्या निमंत्रणावर लिहिलेले नसते, पण ताटाकडे पाहताना आठवायला हरकत नाही. बारा कुकीज म्हणजे चहाबरोबर घरात सहा, आणि सहा शेजारी. शिळे उरत नाही.

पाकिटाची मागची बाजू मात्र वाचावी. केक मिक्समध्ये मोनो आणि डायग्लिसराइड, म्हणजे क्रमांक ४७१ चे इमल्सिफायर, पुष्कळदा असते. ते वनस्पती तेलापासूनही होते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवी खूण असेल तर चरबीची शंका उरत नाही. शाकाहारी ग्राहकासाठी केलेला नियम इथे रोजेदाराच्याही कामी येतो. परदेशातून नातलगांनी आणलेल्या पाकिटावर ही खूण असेलच असे नाही, तिथे यादी नीट पाहावी. व्हॅनिला इसेन्समधल्या अल्कोहोलविषयी आलिमांमध्ये मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमाला विचारावे, नाहीतर वेलचीवर भागवावे. वेलची जास्त चांगली लागतेच.

या पाकिटाचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. रोजा असताना स्वयंपाक करणाऱ्याची एक अडचण असते, चव कशी घ्यायची? गरजेपुरते जिभेवर ठेवून थुंकून टाकण्याची सवलत फिकहमध्ये आहे, पण घरोघरच्या बायका तीही टाळतात आणि मीठ अंदाजाने टाकतात. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीचा, तो तिच्याच हाताला ठाऊक. म्हणून काम तिच्याकडून सुटत नाही. पाकिटात अंदाज लागतच नाही. माप ठरलेले, वेळ ठरलेली, चव घ्यायची गरज नाही. कप आणि घड्याळ कळणारा तेरा वर्षांचा मुलगा हे करू शकतो, त्याचा बाप तर नक्कीच. ‘मला जमत नाही’ ही घरातल्या पुरुषांची सर्वांत जुनी सबब, आणि निदान या एका पदार्थापुरती ती दीड कप पिठात संपते. पैगंबर घरी असत तेव्हा घरकामात हात लावत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. रमजानच्या बयानात ही हदीस वारंवार ऐकू येते. ती ऐकून परतलेल्यांपैकी किती जण थेट ओट्याशी जातात, हे त्या-त्या घराला ठाऊक.

खोल ओहोटीच्या संध्याकाळी लाँच समुद्रात थांबली असताना घरातल्या कुणीतरी ताटली पातेल्यात ठेवली, तर ती बाई घरी येईपर्यंत वेलचीचा वास जिन्यापर्यंत आलेला असेल. तिने फक्त चहा प्यायचा. तोही कुणी करून दिला तर उत्तमच.

तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पाकिटाची कुकी ही तुपात फेसलेल्या, लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या खताईची बरोबरी करत नाही. तिला तो खमंग भाजका वास नाही, जिभेवर विरघळणे नाही. पैशानेही ती महाग पडते, तोच मैदा आणि साखर सुटी घेतली तर बरेच स्वस्त. आणि भट्टीपुढची ती रात्रीची गर्दी, जिथे कुणाचा मुलगा कुठे नोकरीला लागला हे कळायचे, ती पातेल्यापुढे होत नाही. पण ती गर्दी पाकिटाने घालवली, हा आरोप खरा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले. शहराची हवा पाहता त्यात चूक काढता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर राबणाऱ्या कारागिरांना गॅसची भट्टी परवडेल का, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्याची काळजी पाकिटाच्या काळजीपेक्षा मोठी असायला हवी. ज्यांना भट्टीची खताई प्रिय आहे त्यांनी निदान ईदची दोन किलो तरी जवळच्या बेकरीतूनच घ्यावी. रोजच्या संध्याकाळच्या बारा कुकीजने तिचे गिऱ्हाईक तुटत नाही.

उरलेले अर्धे पाकीट हवाबंद बरणीत ओतून ठेवावे. मोऱ्याच्या हवेत उघड्या पाकिटातल्या पिठाचे दोन दिवसांत खडे होतात. बरणीवर कागद चिकटवून त्यावर माप लिहून ठेवावे, दीड कप, एक अंडे, पाव कप तूप, अकरा मिनिटे. शक्यतो मोठ्या अक्षरांत, म्हणजे चष्मा सापडत नव्हता असे कुणाला म्हणता येणार नाही.